काळ्या गुळाचा कारभार

बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या धंद्यांना कर्ज मंजूर करत बसलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक आजार हमखास जडतो : धंदा आपल्यालाही जमेल असं त्याला वाटू लागतं. मला तो सेंद्रिय गुळाच्या रूपाने जडला. कोल्हापूरकडे मेहुण्याचं गुऱ्हाळ, पुण्यात आमच्या सोसायटीत सेंद्रिय म्हटलं की पाकीट उघडणारी माणसं आणि मधोमध मी, अशी साखळी मनात जुळली आणि मी एका संस्थेच्या शाश्वत शेती-उद्योजकता प्रशिक्षणाला नाव घातलं. ‘‘अहो, तुम्हाला मेथीची जुडी निवडून आणता येत नाही,’’ हिने सांगून पाहिलं. पण तोवर फी भरून झाली होती.

वर्गात सगळी कृषी पदवीधर पोरं. सुरुवातच सुभाष पाळेकरांनी रूढ केलेल्या जीवामृताने. सर ‘2 किलो गूळ, 2 किलो बेसन’ सांगू लागले तेव्हा नाश्त्याची सोय बरी दिसते म्हणून मी पुढे सरकलो. मग त्यात 10 किलो देशी गाईचं शेण, 10 लिटर गोमूत्र, बांधावरची मूठभर माती आणि 200 लिटर पाणी आलं, पुढे उभा म्हणून ढवळायची काठीही माझ्याच हाती आली, आणि ‘‘काका, जिवाणू वाढवायचेत, घाबरवायचे नाहीत!’’ असं सर ओरडेपर्यंत एकरभराला पुरणाऱ्या त्या पिंपातला बराच ऐवज माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. तो सदरा आता कढीपत्त्याच्या कुंडीवर वाळत घालतात.

मग आला हिशोब. आकडेमोड म्हणजे आपला प्रांत! मी एक टन उसाचा 900 किलो गूळ धरला, उरलेले 100 किलो उदार मनाने चिपाडांना सोडले आणि पहिल्याच वर्षी, कागदावर, टेम्पो घेतला. शेजारच्या पोराने हळूच सांगितलं, की टनाला गूळ पडतो 100 किलोच्या आसपास. बाकीचं काहिलीतून वाफ होऊन जातं, नाहीतर चिपाड होऊन चुलवाणात. टेम्पो तिथेच विकला.

‘‘पण ऊस सेंद्रिय कशावरून?’’ सरांनी विचारलं. म्हटलं, ‘‘मेहुणा खोटं बोलत नाही.’’ राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात मेहुण्याच्या शब्दाला रकानाच नाही. हंगामी पिकाला पेरणीआधी किमान दोन वर्षं आणि बहुवार्षिकाला पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं जमीन रूपांतरात, म्हणजे रसायनांविना, काढावी लागते. त्या काळात उत्पन्न बहुधा घटतं, भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. मेहुण्याने रासायनिक खत सोडून एकच हंगाम झालेला. प्रमाणपत्राची दुसरी वाट स्वस्तातली : गावातल्या शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेतं तपासायची आणि एकमेकांची हमी द्यायची. मेहुण्याचं शेजाऱ्याशी बांधावरून कोर्टात चालू आहे.

शेवटी आठवडी बाजारात प्रत्यक्ष विक्री. प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ लिहायचं नाही, म्हणून पाटीवर ‘मेहुण्याच्या शेतातला गूळ’ असं लिहिलं. ‘‘इतका काळा कसा हो?’’ एका बाईंनी विचारलं. पिवळाधमक दिसावा म्हणून कुठे कुठे काहिलीत हायड्रॉस टाकतात, आम्ही भेंडीच्या पाण्याने मळी काढतो, असा मी पाठ सुरू केला; ‘‘गुळात भेंडी?’’ म्हणत बाई चालू लागल्या. पाठोपाठ आलेल्या आजींनी भाव ऐकून नुसतं ‘‘अगंबाई’’ म्हटलं, तेवढ्यावर मी दहा रुपये उतरवले. त्या गप्पच, म्हणून आणखी दहा. तरी गप्प, म्हणून कापडी पिशवी फुकट. त्यांना मेथी कुठे मिळते एवढंच विचारायचं होतं.

प्रमाणपत्र मलाही मिळालं. हजेरीचं. मेहुण्याची जमीन अजून रूपांतरात आहे, पण गूळ खरोखर चांगला आहे आणि आमच्या दिवाणखान्यात भरपूर आहे. हवा असेल तर जरूर या. घासाघीस करायची गरज नाही, भाव ऐकून थोडा वेळ गप्प बसा, पुरे.