डोंगवाले आप्पा

जळगावात पैसा म्हणजे सोनं. कापूस विकला, केळीची गाडी गेली, पोराला बोनस मिळाला की माणसाची पावलं आपोआप सराफ बाजाराकडे वळतात. अशा गावात राहून आप्पांनी आयुष्यभर जमवला तो कागद. तोही अशा सरकारचा, जे १९७५ साली बुडालं. 'दक्षिण व्हिएतनाम' हे शब्द ते ज्या आवाजात उच्चारतात, त्या आवाजात आपल्याकडे फक्त लवकर गेलेल्या थोरल्या भावाचं नाव घेतात. तिथल्या चलनाला डोंग म्हणतात. माई म्हणतात, "डोंग कसलं, ढोंग आहे नुसतं."

आप्पा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कागद जपायचा आणि समोरच्याला ताटकळत ठेवायचं, या दोन्ही कला तिथेच मुरल्या. संग्रह बघायचा तर आधी हात धुवायचे, मग कोरडे करायचे, मग आप्पा उठून पंखा बंद करणार. वाऱ्याने नोट उडू नये म्हणून. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून मी पाहिलेला पाचशे डोंगांचा वाघ जन्मात विसरणार नाही. चहा अल्बम मिटल्यावर. कपातला थेंब नोटेवर पडला तर जबाबदार कोण?

वाघ मात्र खरोखर देखणा आहे. १९७२ची मालिका, पुढे सायगावचा राजवाडा, मागे जनावरं. पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती. आप्पा चिमट्याने नोट उचलतात, उजेडाला तिरकी धरतात आणि आपल्याला श्वास रोखायला लावतात. "बघा, एक घडी नाही." नोटेला एकदा घडी पडली की ती बाजारात जायच्या लायकीची उरते, अल्बमात नाही, असा त्यांचा दंडक. मग आपण विचारायचं असतं, "पुढे काय झालं हो या वाघाचं?" नाही विचारलं तरी ते सांगतात. सप्टेंबर १९७५मध्ये नव्या राजवटीने जुने पाचशे डोंग घेऊन हातावर एक नवा डोंग टेकवला. वाघ दिला, मांजर मिळालं. १९७८मध्ये पुन्हा नोटाबदल, १९८५मध्ये पुन्हा, दहाचा एक. "आणि १९७८च्या जानेवारीत आपल्या मोरारजींनी हजार, पाच हजार, दहा हजार बंद केले. तिकडे मे महिन्यात!" जणू दोघांनी आप्पांच्या ओसरीवर बसून तारखा ठरवल्या होत्या.

त्यामुळे नोव्हेंबर २०१६मध्ये सगळी गल्ली बँकेच्या रांगेत घामाघूम असताना आप्पा एकटे शांत. माईंच्या तूरडाळीच्या डब्यातून पाचशेच्या अकरा नोटा निघाल्या, तेव्हाही त्यांनी आधी चष्मा शोधला. बँकेत दहाच गेल्या. अकराव्या नोटेच्या नंबरात ७८६ होतं. माईंनी तो हिशेब अजून मिटवलेला नाही.

पाहुण्यांचे प्रश्न दोनच. पहिला : "आज याचे किती येतील?" यावर आप्पा अल्बम मिटतात. दुसरा व्हॉट्सॲपवरून आलेला : "व्हिएतनामने अमेरिकेला महाराजांच्या गनिमी काव्याने हरवलं म्हणे. मग नोटेवर महाराज आहेत का?" आप्पांना महाराजांचा अभिमान कुणापेक्षा कमी नाही, देवघरात शिवराई आहे त्यांच्या. पण ते १९६६ची पाचशेची नोट काढतात. "हा त्रान हुंग दाव. १२८८ साली याने नदीच्या तळात खुंट ठोकून मंगोलांची गलबतं ओहोटीत अडकवली. महाराजांच्या आधी साडेतीनशे वर्षं. त्यांना त्यांचा होता हो!" पाहुणा नाराज होऊन जातो आणि रात्री तोच मेसेज आप्पांनाच पाठवतो.

आप्पांना जगात समजून घेणारा एकच माणूस, आणि तोच त्यांचा वैरी : धुळ्याचे बापू. बापूंचा तोरा वेगळा. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात राहिले, धुळ्यात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात. तेव्हा जुना कागद ओळखावा तो धुळेकरानेच. बापूंचं स्वप्न म्हणजे पाँडिचेरीची नोट. व्हिएतनामला पियास्तर छापून देणारी फ्रेंचांची इंडोचायना बँक पाँडिचेरीसाठी चक्क रुपये छापायची. पन्नासाच्या नोटेवर फ्रेंच गव्हर्नर डुप्ले! ती कुणीतरी कुठेतरी पाहिल्याचं बापू दर भेटीत सांगतात. आप्पा दर भेटीत ऐकू येत नसल्यासारखं करतात.

भेट कुठे, यावर दर वेळी तंटा. एरंडोल आप्पांना जवळ, पारोळा बापूंना. शेवटी पारोळा ठरतं, कारण आप्पांनी पंच्याहत्तरी ओलांडली असल्याने त्यांना एसटी फुकट आणि बापूंना अजून अर्धं तिकीट. "फुकट्याने लांब यावं," हा बापूंचा न्याय.

गेल्या खेपेला मीही होतो. स्टँडसमोरच्या टपरीवर दोन तास घासाघीस चालली. आप्पांचा जादा वाघ, बापूंचे हत्ती. वर काय, यावर गाडं अडलेलं. टपरीवाला मधेच डोकावला, "आप्पा, हाई चालस का कोठे?" दोघांनी एकाच वेळी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भजी तळायला परत गेला. सौदा मोडला. तो दर वेळी मोडतो. जुळला तर पुन्हा भेटायचं कशाला?

पैसे द्यायची वेळ आली. बापूंचा मोबाईल बटणांचा, स्कॅनर त्यांच्या कामाचा नाही. आप्पांच्या पाकिटात शंभराची एकच नोट, पण तिचा नंबर उलटसुलट सारखा, ती कशी मोडणार? पिशवीत हजारोंचे डोंग आणि दोघंही माझ्याकडे बघताहेत. मी शंभराची नोट काढली. ती टपरीवाल्याच्या हातात जाण्याआधी आप्पांनी मधेच झडप घातली, उजेडाकडे धरली, नंबर वाचला, उलटी केली.

"घडी आहे," ते म्हणाले. "द्या, देऊन टाका."