सर्वसंग्राहक लेन्स घेऊ इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांस काही सूचना

छायाचित्रणाचा छंद माणसास एकदम जडत नाही. तो हप्त्याहप्त्याने जडतो. प्रथम कॅमेरा येतो, त्याच्याच खोक्यातून १८ ते ५५ मिलिमीटरची एक लहानशी लेन्स येते, मग भिगवणला गेल्यावर तिच्यातून रोहित पक्षी मोहरीएवढा दिसतो असा शोध लागतो, आणि रोहितापर्यंत पोचणारी दुसरी लेन्स मित्राकडून उसनी आणावी, तर वाटेवरच्या देवळाचा कळस आणि पायरी तिच्यात एकत्र मावत नाहीत, अशी नवीच तक्रार उत्पन्न होते. या अवस्थेस पोचलेल्या गृहस्थाच्या कानी कोणी हितचिंतक अशी वार्ता घालतो की, देऊळ आणि पक्षी दोघांचीही सोय एकाच नळीत केलेली लेन्स बाजारात मिळते. तेथून पुढे त्या गृहस्थास झोप लागत नाही. प्रस्तुत सूचना त्याच्यासाठी आहेत.

सोयरीक जुळवण्यापूर्वी घराणे पाहावे, हा आपल्याकडील शिरस्ता येथेही पाळावा. १९५९ साली जर्मनीतील फोइग्टलेंडर कंपनीने फ्रँक बॅक यांच्या कल्पनेची ‘झूमार’ ही लेन्स विक्रीस आणली. ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत तिची धाव होती. पुढे १९९२ मध्ये टॅमरॉनने २८ ते २०० ची लेन्स आणली, २००५ मध्ये निकॉनने १८ ते २०० ची आणली, आणि २०१७ मध्ये टॅमरॉनने १८ ते ४०० असा बावीस पटींहून मोठा मुलूख अवघ्या ७१० ग्रॅम वजनात बांधून दिला. राज्यविस्ताराचा हा इतिहास डोळे दिपवणारा आहे खरा. परंतु राज्य वाढले की खजिन्यावर ताण पडतोच, आणि लेन्सचा खजिना म्हणजे प्रकाश. ‘झूमार’चे तोंड पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एफ २.८ एवढे उघडे राही. या चारशेवालीचे लांबच्या टोकास एफ ६.३ पलीकडे उघडत नाही. या खात्यात आकडा वाढला की छिद्र लहान होते, असा उलटा जमाखर्च असल्यामुळे अनभिज्ञ ग्राहक ६.३ हा आकडा पाहून उगाच हरखतो, वस्तुतः २.८ च्या मानाने तेथे एकपंचमांश प्रकाशच आत शिरतो.

यानंतरची बाब घरच्या मंजुरीची. दरखास्त लेखी नसावी, कारण लेखी कागद पुढे पुरावा म्हणून दाखल होतात. ‘ही एकच घेतली म्हणजे पुन्हा घेणे नाही’ हे वाक्य समोरच्याच्या नजरेस नजर देऊन उच्चारता येईपर्यंत आरशापुढे घोकावे. यापेक्षा अधिक मार्गदर्शन या विषयात करण्याइतका आमचा अधिकार नाही.

मंजुरी मिळाल्यावरही थेट दुकान गाठू नये. आधी स्वतःच्या दफ्तराची तपासणी करावी. आपण कोणते चित्र किती मिलिमीटरवर घेतले याची नोंद कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटात निमूटपणे करून ठेवत असतो, आणि कोणत्याही इमानी कारकुनाप्रमाणे तो मालकाची भीड धरत नाही. आम्ही अशी तपासणी केली तेव्हा असे निदर्शनास आले की, आमची बहुतेक चित्रे १८ वर घेतलेली, उरलेल्यांपैकी बरीचशी लांबच्या शेवटच्या टोकावर घेतलेली, आणि मधला सारा प्रांत दुष्काळात गाव उठावे तसा ओसाड पडलेला. ज्याच्या दफ्तरात हाच निकाल निघेल त्याने सर्वसंग्राहक लेन्स खुशाल घ्यावी, कारण त्याला दोन्ही टोके हवी आहेत आणि मधली वाट फुकट पडली तरी तक्रार नाही. ज्याची चित्रे पन्नासच्या आसपास गर्दी करून बसली असतील, त्याने ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स घ्यावी, जी पुष्कळ स्वस्त असते आणि खिशात मावते. मात्र असा निकाल निघाल्यास बहुतेक लोक तपासणीच रद्द समजतात, असा अनुभव आहे.

मुंबईत बोरा बाजारासारख्या ठिकाणी वापरलेली लेन्स घ्यावयाची असेल, तर ती नाक खाली करून धरावी व अंमळ हलवावी. नळी आपोआप घरंगळत बाहेर आली, तर विक्रेता ‘साहेब, ही सवय सगळ्यांनाच असते’ असे सांगेल, आणि तो खोटे बोलत नसेल. प्रवासात ती घरंगळू नये म्हणून अशा पुष्कळ लेन्सांस कुलूप दिलेले असते. नंतर विजेरीचा झोत काचांतून आरपार सोडून आत बुरशीचे जाळे आहे काय ते पाहावे. झूम करताना ही नळी लांब-आखूड होते, म्हणजे एका अर्थी ती श्वासोच्छ्वास करते, आणि कोकणातील आषाढ-श्रावणाची हवा आत घेतलेल्या काचांना जे व्हायचे ते होते.

आता कोपऱ्यांविषयी. निकॉनच्या वर सांगितलेल्या लेन्समध्ये सोळा काचा आहेत, आणि रुंद व दूर अशा दोन परस्परविरोधी दरबारांत त्यांना एकाच वेळी हजेरी द्यावी लागते. साहजिकच १८ वर वाड्याची सरळ भिंत पिंपासारखी फुगते, आणि थोडे पुढे सरकताच तीच भिंत कंबरेत आवळल्यासारखी दिसते. हल्ली कॅमेऱ्यातील गणित ही वळणे बरीचशी सरळ करून देते. कोपऱ्यांतला मऊपणा मात्र गणिताला पुरता पुसता येत नाही. खरेदीच्या दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याच्या विटांच्या भिंतीचे चित्र काढून, ते पडद्यावर मोठे करून, कोपऱ्यातली वीट आणि मधली वीट यांची रुजुवात घालत बसणे हा या छंदातील एक मान्य विधी आहे. त्याने लेन्स सुधारत नाही, शेजारी मात्र संशयित होतो. शहाण्याने या दोषाचा उपयोग करून घ्यावा. समूहचित्रात यजमान, वडीलधारी माणसे आणि ज्यांच्याकडून काही येणे आहे ती मंडळी मध्यभागी बसवावीत. ज्यांच्याशी सामाईक विहिरीचा दावा चालू आहे, त्यांना सन्मानपूर्वक कोपऱ्याकडे न्यावे.

परंतु या लेन्सची खरी परीक्षा लग्नघरात होते. आमच्या भाचीच्या लग्नात आमचे एक स्नेही तीन उत्तम लेन्सा घेऊन आले होते. मंगलाष्टके सरत आली आणि अंतरपाट आता दूर होणार अशा वेळी त्यांना रुंद लेन्स काढून लांबची चढवण्याची बुद्धी झाली, आणि ‘सावधान’चा शेवटचा गजर उठला तेव्हा ते एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात लेन्स आणि दातांत झाकण अशा स्थितीत, अक्षतांच्या वर्षावात उघड्या सेन्सरचे रक्षण करीत उभे होते. आम्ही एकाच लेन्सवर, केवळ मनगट फिरवून, प्रथम सारा मांडव आणि पुढच्या क्षणी भाचीचे डोळे टिपले. विजय आमचा होता, पण तो संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताचा विजय होता. जेथे एफ २.८ वर सेकंदाच्या अडीचशेव्या भागात काम उरकले असते, तेथे आम्हास पन्नासावा भाग लागला. हाताचा कंप आवरण्याची यंत्रणा लेन्समध्ये होती, आणि तिने आमचा कंप आवरलाही; हार घालणाऱ्या नवरदेवाचा हात आवरण्याची तजवीज मात्र कोणत्याही कारखान्याने अद्याप केलेली नाही, त्यामुळे त्या चित्रात त्यांस सुमारे तीन हात आहेत. ते चित्र पोस्टकार्डाएवढे छापले तेव्हा सर्वांनी वाखाणले. व्याह्यांनी ते भिंतीएवढे करून मागितले, तेव्हा आम्ही मुदत मागून घेतली; ती अजून चालू आहे.

त्याच लग्नात जेवणे झाल्यावर आमच्या मेहुण्यांनी ती लेन्स हाताळून पाहण्यासाठी मागितली, आणि सर्वांचे एक समूहचित्र स्वतः घेतो असे सांगून प्रत्येकाची जागा मोठ्या आपुलकीने ठरवून दिली. चित्र छापून आले आहे. मध्यभागी मेहुण्यांचे वडील विराजमान असून त्यांच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो; डावीकडच्या अगदी टोकाला एक आडवा ताणला गेलेला, धुक्यातून पाहिल्यासारखा गृहस्थ उभा आहे, आणि त्याने त्या दिवशी आमचाच कोट घातला होता.