कलम 214 (ब) यांस, मुलीच्या मामाकडून

रा. रा. कलम 214 (ब) यांस,
मुक्काम अमेरिकेचा स्थलांतर कायदा, जन्मसाल 1952.
संग्रामपूरहून,

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात आपली गाठ पडली. भाचीच्या लग्नाला अमेरिकेला जायचं, म्हणून व्हिसा मागायला शेगावहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. पिशवीत सातबारा, आठ-अ, पासबुक, संत्र्याच्या बागेचे फोटो आणि भाचीची लग्नपत्रिका. खिडकीमागच्या साहेबानं एक कागद पाहिला नाही. एवढंच विचारलं, तुमच्यासाठी कुणी कायम वास्तव्याचा अर्ज केलाय का? म्हटलं, हो, बहिणीनं, 2007 साली. झालं. व्हिसा नाकारल्याचा, आपलं नाव छापलेला कागद हाती पडला.

धन्य तो न्याय! येणारा प्रत्येक जण मुक्काम ठोकायलाच येतो, असं आपण धरून चालता; तसं नाही हे त्यानंच पटवायचं. बरं, मुक्कामाची रांग तरी? भावाबहिणींसाठी साऱ्या जगाला वर्षाकाठी 65,000 जागा आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांचं कुंपण. आइसलँडलाही सात, आम्हालाही सात. तो अख्खा देश लोकसंख्येनं आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही भरत नाही! 2025 सालीही आमची रांग 2006 च्या अर्जांशी घुटमळत होती. म्हणजे रांगेत आहे म्हणून पाहुणा होऊ देत नाही, आणि रांग सरकत नाही म्हणून रहिवासीही नाही. अर्ज केला तेव्हा अंगणवाडीत जाणारी माझी पोर आता पुण्यात नोकरी करते.

व्हिसाच्या फीचे 185 डॉलर गेले, अपील नाही, जाऊ द्या. आमचा 1955 चा कायदाही काही मायाळू नाही. परदेशी सुनेला नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी इथं सात वर्षं काढावी लागतात.

पण मामा म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला? मंगलाष्टकांआधी गुरुजी हाक देतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. त्या हाकेला मी उठायचं असतं, बाप्पा! दहा दिवसांचा प्रश्न होता. वावर, बाग, म्हातारी आई टाकून तुमच्याकडे राहून मी काय भांडी घासू?

खरं सांगू? 2007 साली बोलावलं असतंत तर परतलोच नसतो. दुबार पेरणी झाली होती, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. बुलढाण्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचं पॅकेज 2006 साली उगाच नव्हतं आलं. तेव्हाच्या माझ्यावर संशय घेतला असतात तर मान खाली घातली असती. तुमचा संशय अठरा वर्षं उशिरा पोचला. त्या खिडकीतल्या पोराचाही राग नाही. दोन मिनिटांत माणूस ओळखायचा, तोही दुभाष्याच्या तोंडून, आणि दिवसभर तेच. कुणाच्या नशिबी येऊ नये अशी नोकरी.

लग्न परवा झालं. न्यू जर्सीत दुपारचा एक, इथं रात्रीचे साडेदहा. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून सगळे बसलो होतो. गुरुजींनी हाक दिली, आणि भाचीला घेऊन आले बहिणीच्या शेजारचे एक गुजराती गृहस्थ.

कळावे,
रांगेतला मामा