मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त

माझ्या डाव्या पोटरीवर दोन आणि उजव्या पोटरीवर एक अशा तीन खुणा आहेत. टपाल खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीची ही कमाई, पेन्शन वेगळी. पहिली खूण 1983 सालची, तासगावकडच्या एका वस्तीवरची. ऐंशी रुपयांची मनीऑर्डर द्यायला गेलो होतो. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. म्हणजे दर इंजेक्शनामागे पाच रुपये एकाहत्तर पैसे, हा हिशेब मी दवाखान्याच्या बाकावर बसून केला होता. पैसे दुसऱ्याचे, पोट माझं.

त्यामुळे निवृत्तीनंतर सांगलीत आमच्या गल्लीतर्फे ‘मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करणेबाबत’ अर्ज लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. अक्षर चांगलं आणि अनुभव दांडगा.

2018 साली आम्ही दोघं मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो, तेव्हा त्यानं दार उघडायच्या आधी सांगितलं, ‘बाबा, रागावू नका हं.’ दार उघडलं आणि तीस किलोचं लॅब्राडोर माझ्या छातीवर दोन पाय ठेवून उभं राहिलं. व्हिडिओ कॉलवर वर्षभर हे प्रकरण सोफ्यामागे लपवलं होतं. नाव काय, तर भडंग. सांगलीची आठवण म्हणून! तिथल्या लोकांना ते म्हणता येत नाही, म्हणून ते त्याला ‘बिग बँग’ म्हणतात. विश्वाची उत्पत्ती आणि कुरमुरे, दोन्ही एका कुत्र्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘फिरून येऊ’ म्हणून मुलानं मला रिचमंडच्या पॉइंट इझाबेलला नेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी वीस एकरांहून मोठी बाग, समोर पाण्यापलीकडे गोल्डन गेट पूल. आणि कुत्री! काळी, पांढरी, ठिपकेवाली, उशीएवढी, वासराएवढी. गाडीतळावर सगळी पट्ट्याला बांधलेली, शहाण्या बाळासारखी. आत शिरल्यावर पट्टे सुटले आणि माझ्या मनातल्या अर्जाचा मजकूर आपोआप सुरू झाला : ‘महोदय, सविनय सादर की...’

पण महोदयांनीच परवानगी दिलेली! कुत्र्यांना मोकाट सोडण्यासाठीच राखलेल्या या असल्या बागेची सुरुवातही तिथून जवळच, बर्कलीत झाली म्हणतात. भुयारी रेल्वेच्या वरच्या मोकळ्या पट्ट्यावर 1979 साली ओलोनी पार्कात कुत्र्यांना कुंपण घालून जागा दिली. आम्ही गल्लीत कुत्र्यांविरुद्ध सह्या गोळा करतो. तिथे कुत्र्यांसाठी करतात.

खरी कमाल पुढे होती. बागेला लागून एक अवाढव्य बिनखिडक्यांची इमारत दिसली. ‘हे काय रे?’ ‘बाबा, ते टपाल खात्याचं केंद्र. पार्सलांची विभागणी होते तिथे.’ मी चालायचा थांबलो. अमेरिकेतलं टपाल खातं आणि शेकडो मोकाट कुत्री, मध्ये फक्त एक कुंपण! तिथल्या बंधूंसाठी मी मनातल्या मनात हात जोडले. कुत्र्यांचं मात्र तिकडे लक्षही नव्हतं. खाकी नसेल म्हणून.

मुलगा कामाला जाऊ लागला आणि हळूहळू भडंगला फिरवायचं काम माझ्याकडे आलं. तिथे स्वयंसेवकांचं एक मंडळ आहे : ‘पॉइंट इझाबेल डॉग ओनर्स अँड फ्रेंड्स’. मालक आणि स्नेही. मी मालक नव्हतो, आणि स्नेही तर मुळीच नव्हतो. तरी सामील करून घेतलं. वर्गणी मागायला कुणी दारात आलं नाही, की अध्यक्षपदावरून कुणाचं डोकं फुटलं नाही. मला तर ते मंडळ आहे यावर विश्वासच बसेना. ही माणसं बाग साफ करतात, बागेच्या व्यवस्थापनाशी बोलून कुत्र्यांचं मोकळं फिरणं टिकवतात, आणि जागोजागी पिशव्या भरून ठेवतात.

पिशव्या कशासाठी, ते पहिल्याच दिवशी भडंगनं दाखवून दिलं.

तो प्रसंग मी घरी सांगितला तेव्हा सौ. पोळी लाटायची थांबली. ‘म्हणजे तुम्ही... स्वतःच्या हातानं?’ ‘पिशवीनं.’ ‘दोन पोरांचे लंगोट मी एकटीनं धुतले. तेव्हा तुम्हाला वासानं मळमळायचं. लॅब्राडोरचं चालतं?’ या प्रश्नाला चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठलाही नमुना फॉर्म नव्हता.

पुढच्या रविवारी ती स्वतः पाहणीला आली. तिथे पिवळ्या टोपीतल्या एक आजी वर्तमानपत्रांवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या डब्यात कोंबत होत्या. सौ.नं क्षणभर बघितलं आणि तिला राहवेना. तिनं त्यांच्या हातातून गठ्ठा घेतला, एकेक पिशवी मांडीवर सपाट केली आणि समोशासारखी त्रिकोणी घडी घालून रचत गेली. आजी ‘ओ माय गॉड’ म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातली पिशव्यांची पिशवी मंडळाला रुजू झाली. भाजीच्या, ब्रेडच्या, सगळ्या. फक्त धुऊन वाळवलेल्या जाड पिशव्या तिनं मागे ठेवल्या. ‘त्या चांगल्या आहेत,’ म्हणाली.

मला तिथे नावानं कुणी ओळखत नसे. मी ‘बिग बँगचे ग्रँडपा’. सहा कुत्री एकदम फिरवणारा एक तरुण होता. तीनपेक्षा जास्त कुत्र्यांना परवाना लागतो, तो त्याच्याकडे होता. त्याचा अवतार बालवाडीच्या रिक्षावाल्यासारखा. तोही मला लांबूनच ‘ग्रँडपा बँग’ म्हणून हाक मारायचा. मी घरी तक्रार केली, की एवढी वर्षं घरोघर नाव-पत्ता वाचत हिंडलो आणि आता मलाच नाव नाही. सौ. म्हणाली, ‘मला गल्लीत चाळीस वर्षं पोस्टमनकाकू म्हणतात. कुणी विचारलंय माझं नाव?’ मी भडंगचा पट्टा घेतला आणि वेळेच्या आधीच बाहेर पडलो.

ओहोटी लागली की खाडीत नुसता काळा चिखल उरतो आणि भडंगला नेमका तोच हवा असतो. एकदा त्याला ओढायला मी गुडघ्यापर्यंत आत उतरलो. बाहेर आलो तेव्हा तिन्ही खुणा चिखलाखाली गेल्या होत्या. भडंगनं त्या चाटून पुन्हा वर काढल्या, डावीकडच्या दोन, उजवीकडची एक. मी पाय मागे घेतला नाही. का, ते मला विचारू नका.

सहा महिने संपले, सांगलीला परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला निघालो, तर आमच्या दारासमोरच गल्लीतल्या लाल्या कुत्र्यानं बैठक मारली. माझा हात सवयीनं खिशात गेला, पिशवी निघाली, मी वाकलो. समोरचे जोशीकाका दात घासता घासता थांबले. ब्रश तोंडातच ठेवून विचारते झाले, ‘काय हो, तब्येत बरी आहे ना?’

तेवढ्यात वरच्या गच्चीतून आवाज आला :

‘अहो! त्या पिशवीत नको! ती चांगली आहे!’