होडी सजवू इच्छिणाऱ्या निवृत्त गृहस्थांसाठी

प्रस्तुत मार्गदर्शिका निवृत्तिवेतन सुरू झालेले, गावी परतलेले, घरापुढे अंगण आणि अंगणापलीकडे खाडी असलेले गृहस्थ डोळ्यांपुढे ठेवून सिद्ध केली आहे. असे एक गृहस्थ आमच्याच घरात असल्यामुळे अभ्यासासाठी लांब जावं लागलं नाही. ठाण्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, वाघोटण खाडीकाठच्या वडिलोपार्जित घरी आले आणि शेजारच्या गाबीत तात्यांची जुनी, १८ फुटी, उलांडीची होडी त्यांनी विकत घेतली. तात्यांनी ती इतक्या तत्परतेने अंगणात आणून टाकली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

नियम पहिला. होडीला हात लावण्याआधी इतिहासाला हात घालावा. आमच्याकडे तो हाताशीच आहे. गिर्याला आंग्र्यांच्या आरमाराची गोदी होती, तिचे अवशेष अजून दिसतात. त्यामुळे आमच्या अंगणात जे चाललं आहे ते सुतारकाम नसून आरमाराची परंपरा आहे, असं पाहुण्यांना सांगण्यात येतं. परंपरेला चहा लागतो. तो मी करते.

नियम दुसरा, खिळ्यांविषयी. हा नीट वाचावा, कारण यावर आमच्याकडे जेवणाची ताटं निवली आहेत. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात सांगितलं आहे की समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत. समुद्रात लोहचुंबक असतो, तो नौकेला ओढून घेतो. आमच्या खाडीत चुंबक नाही. तरी राजाचा सल्ला खोटा नाही. साधा लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, गंजला की फुगतो आणि फुगला की फळी चिरतो. पितळी स्क्रू दिसतो छान, पण त्यातलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं. मग तो गुलाबी पडतो आणि पेचकस लावला की मोडतो. तांब्याचे खिळे घ्यावेत, नाहीतर ३१६ नंबरचं स्टेनलेस. ३०४ नंबरचं दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून देतो, ते तेच नसतं. आणि काय घ्याल ते एकच घ्या. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यात बसले की त्यांचा विद्युतघट होतो आणि दोघांतला दुबळा झिजून जातो. हा पाठ आमच्या यजमानांनी मुलांना उभं आयुष्य फळ्यावर आकृती काढून शिकवला. सध्या त्यांच्या श्रीखंडाच्या डब्यात पितळी स्क्रू, लोखंडी वायसर आणि तांब्याचे खिळे एकत्र नांदताहेत.

नियम तिसरा. फाटक मोजा. मोजलंत? पुन्हा मोजा, उलांडीसकट.

नियम चौथा, फटींविषयी. फळ्यांची होडी महिनोन्महिने उन्हात पडली की लाकूड आकसतं आणि सांध्यांतून पलीकडची तुळस दिसायला लागते. ते पाहून गृहस्थ तालुक्याला जाऊन सिलिकॉनच्या नळ्या आणतो आणि दिसेल त्या फटीत पिळतो. तसं करू नये. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, फटी आपोआप मिटत येतात. त्या आधीच गच्च भरून ठेवल्या तर फुगायला जागा उरत नाही आणि फळीच उचलते. आधी होडी भिजवायची, मग उरलेल्या फटींत तेल-राळेत भिजवलेला कापूस हलक्या हाताने ठोकायचा. हे तात्यांनी एका वाक्यात सांगितलं, ‘आधी पाणी भरा हो मास्तर,’ आणि ते बिडी ओढायला गेले. यजमानांना ते पटेना. पाणी बाहेर राहावं म्हणून होडी करायची, तर ते आत का भरायचं? शेवटी त्यांनी वहीत दोन पानं गणित केलं आणि तात्यांचंच उत्तर आलं.

मग अंगणात विहिरीच्या पंपाने होडी भरली. पहिल्या दिवशी ती सगळीकडून गळत होती, गडग्यापर्यंत चिखल. दुसऱ्या दिवशी धार बारीक झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी यजमान बॅटरी घेऊन होडीखाली उताणे पडले होते. एका सांध्यापाशी थेंब लोंबत होता, पडत नव्हता. ते त्या थेंबाकडे बघत राहिले. दहावीचा निकाल लागला की त्यांचा चेहरा असा व्हायचा. मी हाक मारणार होते, पोहे गार होत होते. नाही मारली.

नियम पाचवा. यूट्यूबवरचा माणूस म्हणतो म्हणून जुन्या लाकडी होडीला फायबर चढवू नये. जी होडी वर्षानुवर्षं मुशीचं तेल आणि उंडीचं कडू तेल पीत आली, तिच्यावर रेझिन धरत नाही. वरून चकचकीत दिसतं, आत ओल कोंडते आणि लाकूड कुजत जातं. हौस फिटत नसेल तर लहानशा फळीवर करून बघा. रेझिन थोडं थोडं कालवा. शेकडा एक ते दोन भाग हार्डनर पुरतो. बादलीभर एकदम कालवलं की ते स्वतःच तापतं, धूर सोडतं आणि बादलीचा आकार घेऊन दगड होतं. आमच्या माडाखाली असा एक दगड आहे. आणि हे मात्र थट्टेत घेऊ नका: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतायचं नाही, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मगच हार्डनर.

नियम सहावा, उपकरणांविषयी. उपकरणं पोस्टाने आणि कुरियरने येतात, आणि नेमकी मी देवळात गेलेली असताना येतात. आजवर आलेल्या वस्तू: होकायंत्र, जीपीएस, बारा व्होल्टची बॅटरी, तिला चार्ज करायला सौर पट्टी, पाणी उपसायचा पंप, मासे कुठे आहेत ते पडद्यावर दाखवणारा फिश फाइंडर, आणि गळ ठेवायला कप्प्यांची पेटी, जी माझ्या दागिन्यांच्या डब्यापेक्षा मोठी आहे. खाडीचा पलीकडचा काठ आमच्या ओटीवरून दिसतो. तात्या एकदा हे सगळं बघून गेले. जाताना म्हणाले, ‘ह्यां सगळां भरलात तर मासे खंय ठेवतलात?’

खरं लागतं ते एवढंच: दोन वल्ही आणि एक जादा, नांगर आणि त्याला पुरेसा दोर, पाणी उपसायला कापलेला डबा, माणसागणिक लाइफ जॅकेट, पाण्याची बाटली, शिट्टी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल, ज्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आधीच घालून ठेवलेला आहे. लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं. बुडाखाली उशी म्हणून घ्यायचं नसतं.

नियम सातवा. इंजिन घेऊ नये. आमच्या होडीची दोन्ही टोकं निमुळती, इंजिन अडकवायला सपाट फळीच नाही, हे मी सांगून दमले. पण कायदाही माझ्याच बाजूने आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. वल्ह्याच्या होडीला ती बंदी नाही. म्हणून तिने त्या दिवसांत समुद्रात जावं असा मात्र अर्थ नाही. त्या महिन्यांत मोठमोठे तांडेल किनाऱ्यावर जाळी विणत बसतात, तिथे मास्तरांनी काय दिवे लावायचे? आणि होडी कोणतीही असो, मत्स्यव्यवसाय खात्यात नोंदणी आणि परवान्याचं आधी विचारून घ्यावं.

नियम आठवा. पाणी ओळखावं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची साधारण वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत यावं तशी ती मागेपुढे होते, ती आपापल्या धक्क्यावर विचारावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जबर असते; नवशिक्याने अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी धरावं. भरतीबरोबर आत जावं, ओहोटीबरोबर परत यावं, म्हणजे खांदे टिकतात. हा एकच नियम यजमान जन्मतः जाणतात. त्यांचे वडील याच धक्क्यावरून तर चालवायचे.

होडी आता तयार आहे. दोनदा तयार झाली होती, दोन्ही वेळा रंग पसंत पडला नाही. रोज सकाळी सातला ते खाकी अर्धी चड्डी चढवून अंगणात उतरतात, दुपारी भूक लागली म्हणून येतात, रात्री पडल्या पडल्या झोपतात. ठाण्याच्या शेवटच्या वर्षात यातलं एकही होत नव्हतं. तेव्हा होडी पाण्यात कधी घालणार, असं त्यांना विचारणाऱ्या भाच्या-पुतण्यांनी कृपया आमच्याकडे येऊ नये. मासे पाटीवाली आणून देते. काल काळुंदरं होती, ताजी.

एक फिश फाइंडर, न वापरलेला, खोक्यासकट, योग्य किमतीत देणे आहे. चौकशी माझ्याकडे करावी, सकाळी सातनंतर, मागच्या दाराने.