ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. ओटावात झाडं बोडकी झालीत, बर्फ अजून यायचाय. मूळचा नाशिकचा एक तरुण शेजारी मला हाताला धरून खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला. नवीकोरी एसयूव्ही. "काका, फोर व्हील ड्राइव्ह आहे. वीस इंची मॅगव्हील. चारही बाजूंनी कॅमेरे."

मी वाकून टायर बघितले. "आणि हिवाळी टायर?"

"फोर व्हील ड्राइव्हला कशाला लागतात, काका?"

लागतात. का लागतात ते इथे सगळ्यांसमोर सांगतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. टोरांटोपासून कॅल्गरीपर्यंत पहिली गाडी घेणारी आपली कितीतरी मुलं-मुली हेच विचारतात. काही तर विचारतही नाहीत.

*

फोर व्हील ड्राइव्ह गाडी हलवतं, थांबवत नाही. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो, म्हणून बर्फातून गाडी झटक्यात निघते. ब्रेक मात्र स्वस्तातल्या छोट्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबायच्या वेळी या महागड्या यंत्रणेचा काडीचा उपयोग नाही. उलट ती घात करते. गाडी सहज निघाली म्हणून पाय दाबला जातो, आणि पकड नाही हे कळतं पुढच्या सिग्नलला.

एबीएसचंही तेच. चाक जाम होऊ नये, स्टिअरिंग हातात राहावं, एवढं काम तो करतो. रस्त्यावर नसलेली पकड तो कुठून आणणार? ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. दीड-दोन टनांची गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार तळहातांएवढ्या रबरावर. गाडी घेताना लोक सीटचं चामडं बोटांनी चाचपून बघतात आणि ज्याच्यावर जीव टांगलेला आहे त्या रबराकडे ढुंकूनही बघत नाहीत.

*

कोकणात पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या पाखाडीवरून झिजलेल्या स्लिपरा घालून कोणी उतरत नाही. तिथे जे आपल्याला आजीने शिकवलं, ते इथे टायरला लागू करा.

उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या डांबरासाठी बनवलेलं असतं. पारा ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की ते कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरच्या रबराची घडणच वेगळी, त्यात सिलिकाचं प्रमाण जास्त, म्हणून ते उणे वीसलाही मऊ राहतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रस्ता कोरडा असला, बर्फाचा कण नसला, तरी कडाक्याच्या थंडीत हिवाळी टायरच जास्त धरून चालतो. "पहिला बर्फ पडला की बदलू" हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे. आकाशाकडे नको, थर्मामीटरकडे बघा.

दुसरी गोष्ट नक्षीची. हिवाळी टायरच्या खाचा खोल आणि रुंद असतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात. खाचांमध्ये बर्फ गच्च दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फासारखं दुसरं काहीच धरत नाही. भुसभुशीत बर्फ मुठीत दाबला की त्याचा लाडू वळला जातो, तेच टायरच्या खाचेत घडतं. झिजलेल्या टायरच्या उथळ खाचेत हा लाडू वळलाच जात नाही. म्हणून कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालत असली तरी हिवाळ्यात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदलायचा. त्यात घासाघीस नाही.

आणि सगळ्यात घातक बर्फ उणे वीसचा नव्हे, शून्याच्या आसपासचा. तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. पुलांवर रस्ता खालूनही गारठतो, म्हणून तिथे हा निसरडा थर आधी धरतो.

*

आता शब्दांचा घोळ. दुकानात तीन नावं ऐकू येतात. 'ऑल सीझन', 'ऑल वेदर' आणि 'विंटर'. पहिल्या दोन नावांचा अर्थ कोणालाही एकच वाटेल. तो एक नाही. ऑल सीझन टायर वसंतापासून शरदापर्यंत ठीक, कॅनडाच्या जानेवारीत नाही.

टायरच्या अंगावर 'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ अशी खूण असते. ती टायर बनवणारा नक्षीच्या ठेवणीवरून स्वतःच घालतो, त्यासाठी बर्फावरची परीक्षा द्यावी लागत नाही. खरी खूण वेगळी आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. ठरलेल्या प्रमाण टायरच्या तुलनेत बर्फावर पुरेशी जास्त पकड दाखवली तरच ही खूण मिळते. विंटर टायरवर ती असते, चांगल्या ऑल वेदर टायरवरही असते. व्हॅन्कूव्हरसारख्या सौम्य हिवाळ्याच्या शहरातच राहणार असाल तर खूण असलेला ऑल वेदर पुरेल. ओटावा, मॉन्ट्रियल, विनिपेगमध्ये अस्सल विंटरच. दुकानदार काय म्हणतो ते ऐकून घ्या आणि मग खाली बसून डोंगर शोधा. डोंगर नाही तर पैसे नाहीत.

त्याच अंगावर शेवटी चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. जुने टायर घेणाऱ्यांनी हे आकडे वाचल्याशिवाय खिशात हात घालू नये.

*

ओटावा नदीच्या या तीरावर ऑन्टारिओ, पलीकडे क्विबेक. क्विबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायरची सक्ती आहे. आता ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी लागू असते, आणि मोडली तर २०० ते ३०० डॉलर दंड. ऑन्टारिओत सक्ती नाही. १ जानेवारी २०१६ पासून विमा कंपन्यांनी हिवाळी टायरवाल्याला सवलत दिलीच पाहिजे, एवढाच नियम.

पुलावर दोन्ही प्रांतांच्या गाड्या एकाच बर्फावरून धावतात. एकीला कायदा आहे, तिच्या मागे चिकटलेल्या दुसरीला नाही. मी कितीही चांगले टायर घातले तरी मागून येणाऱ्याची गाडी त्याच्याच टायरवर थांबणार आहे, नाहीतर माझ्या डिकीत. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ पासून नुसती 'एम प्लस एस'ची खूणसुद्धा नाकारली, बर्फाळ रस्त्यावर तिथे आता डोंगराची खूणच लागते. ऑन्टारिओने क्विबेकचा नियम जसाच्या तसा उचलावा. यात विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही.

*

टायर चारही बदला. दोन नव्हे.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका दुकानदाराने मला सांगितलं, "पुढची चाकं गाडी ओढतात, तिथेच दोन टाका, पैसे वाचतील." मी ऐकलं. जानेवारीत हायवेवरून उतरायच्या वळणावर पाय नुसता ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडीचं मागचं अंग पुढे आलं. पुढच्या टायरांनी रस्ता धरला होता, मागच्यांनी सोडला होता. गाडी अख्खी फिरली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. मागे माझी मुलगी बसली होती. तिला खरचटलंही नाही. पण तिची ती किंकाळी आज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात आहे. दोन टायरच्या पैशांची बचत म्हणून कोणी सल्ला द्यायला आला की मला ती ऐकू येते.

*

आता चाकांकडे वळू. वीस इंची मॅगव्हील बर्फात म्हणजे नाकापेक्षा मोती जड. रिम मोठी की टायरची बाजू बुटकी. बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेला आपटली की सगळा मार रिमवर. शिवाय टायर रुंद. रुंद टायर पातळ-मऊ बर्फावर तरंगायला बघतो, अरुंद टायर तोच बर्फ कापून खाली टेकतो.

म्हणून हिवाळ्यासाठी रिम एक-दोन इंचांनी लहान आणि टायर थोडा अरुंद घ्यावा, पण चाकाचा एकूण व्यास तोच ठेवावा. शेजाऱ्याच्या गाडीला २५५/४५ आर २० होते. २३५/६० आर १८ घेतले तर टायर २० मिलिमीटरने अरुंद होतो, बाजू उंच होते, आणि चाकाच्या व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक पडत नाही. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही.

मनाने माप ठरवू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, मॅन्युअलमध्ये चालणारी मापं दिलेली असतात. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे आधी बघा. टायरचा भार पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, तंतोतंत जुळला पाहिजे. ११२ आणि ११४.३ यांत फरक जेमतेम सव्वादोन मिलिमीटर, पण बळजबरीने बसवलेलं चाक नट सैल करून निघू शकतं. नटसुद्धा त्या रिमचेच हवेत. आणि चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्या.

रिम कसली? साधी, काळी, पोलादी. रस्त्यावर मीठ टाकतात, ते मॅगव्हीलचा मुलामा खातं. पोलादी रिम गंजते, वाकते, पण ठोकून सरळ होते आणि स्वस्त मिळते. दिसायला ती देखणी नाही. हिवाळ्यात गाडी मिरवायची नसते, घरी आणायची असते. टायर कायमचे वेगळ्या रिमवर चढवलेले असले की दर सहा महिन्यांनी टायर उतरवा-चढवाची मजुरीही वाचते.

*

हवा. दर साडेपाच अंश थंडी वाढली की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने उतरते. १५ अंशांच्या ऑक्टोबरात ३३ भरली असेल तर उणे वीसच्या सकाळी ती २७ च्या आसपास. पंक्चर नाही, तरी टायर बसलेला. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवा तपासा. "बर्फात हवा कमी ठेवावी" हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला वाळवंटातल्या वाळूसाठी ठीक, हायवेसाठी नाही.

खिळे. खिळ्यांचे टायर निखळ बर्फावर उत्तम धरतात, पण उघडा रस्ता कुरतडतात. जपानमध्ये त्या धुळीने माणसांच्या छातीत घर केलं, आणि १९९० मध्ये कायदा करून हे टायर हटवावे लागले. शहरात राहणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये.

वेळ. पहिला बर्फ पडला की गॅरेजबाहेर रांगा लागतात आणि तारीख मिळते ती आठवड्या-दोन आठवड्यांनंतरची. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली खोड इथे पुरवता येत नाही. ऑक्टोबरातच तारीख घ्या.

पैसे. चार टायर आणि रिमा म्हणजे एकदम मोठा खर्च, मान्य. पण हिवाळी टायर चालतात तेव्हा उन्हाळी टायर झिजत नाहीत. दोन्ही जोड जास्त वर्षं टिकतात.

*

पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, तुमचाही यात संबंध आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा खुला झाला आणि मनालीपलीकडचा बर्फ स्वतःच्या गाडीने गाठणं सोपं झालं. एमएच पाट्यांच्या गाड्या डिसेंबरात तिथे दिसतात. त्यांचे टायर आपल्या उन्हासाठी बनलेले आहेत. बर्फ पडला की पोलीस साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात, टंगमर्गहून गुलमर्गला चढतानाही तेच. पोलिसांशी हुज्जत घालू नका. तिथून पुढे स्थानिक ड्रायव्हरच्या गाडीत बसा. साखळी लावायचीच असेल तर इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावा, वेग ताशी पन्नासच्या आत ठेवा, आणि डांबर उघडं दिसलं की उतरवा. फोटोत बर्फ शुभ्र दिसतो. गाडीखाली तो काचेसारखा असतो.

*

नाशिकच्या त्या मुलाने परवा अठरा इंची काळ्या पोलादी रिमा आणि डोंगराच्या खुणेचे चार टायर घेतले. मॅगव्हील बाल्कनीत झाकून ठेवलीत. मला फोन करून म्हणाला, "काका, गाडी आधीसारखी रुबाबदार दिसत नाही."

मी त्याला म्हटलं, "अरे, तुझी आई नाशिकमध्ये रोज रात्री तुझ्या फोनची वाट बघते. तिला रुबाब नकोय, तुझा फोन हवाय."

तुम्हालाही तेच सांगतो. या हिवाळ्यात गाडीची चावी हातात घेण्याआधी एकदा खाली वाका. चारही टायरवर डोंगर आहे का बघा. एका जरी टायरवर नसेल तर बस पकडा.