तुम्हाला काय वाटतं?

आमच्या भाच्याला सरळ उत्तर देता येत नाही आणि पगार मात्र लोकांना सरळ उत्तर मिळावं म्हणून मिळतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो 'यूएक्स रिसर्चर' आहे. कंपनी एक सर्च टूल बनवतेय. प्रश्न विचारला की वेबसाइटांची यादी न देता ते थेट उत्तर देणार. माणसांना ते वापरता येतं का, हे बघायचं काम भाच्याचं.

ह्या धंद्याचा पहिला नियम म्हणे असा, की समोरच्याला उत्तर द्यायचं नाही. त्यानं विचारलं, "हे बटण दाबू का?" तर म्हणायचं, "दाबल्यावर काय होईल असं तुम्हाला वाटतं?" ऑफिसात ठीक आहे. पण परवा वडिलांनी विचारलं, "गीझर बंद केलास का?" तर हा म्हणतो, "एरवी तो बंद आहे हे तुम्ही कसं ओळखता?" त्या दिवशी गीझर दुपारपर्यंत चालू होता.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही तेच. मुलीला विचारलं, "नुकताच आलेला एखादा त्रासदायक अनुभव सांगाल?" ती म्हणाली, "तो संपला की सांगते." मला ती मुलगी पसंत होती.

तर एका शनिवारी त्यानं मला चाचणीला बोलावलं. माणसं फक्त पाच. जेकब निल्सन नावाच्या तज्ज्ञानं 2000 साली लिहून ठेवलंय, की पाच जणांत 85 टक्के चुका सापडतात. पाचामुखी परमेश्वर, आणखी काय! मी, सोसायटीचा वॉचमन, एक कॉलेजकन्या आणि आणखी दोघं.

"मामा, परीक्षा तुमची नाही, टूलची आहे," तो म्हणाला. "आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ही मुभा मला कोणी दिली नव्हती.

मी टाइप केलं, 'सातबारा'. भाच्याचा चेहरा पडला. त्याला पूर्ण वाक्य हवं होतं. हे दुखणं जुनंच. 1996 साली अमेरिकेत 'आस्क जीव्हज' नावाचं सर्च इंजिन निघालं. वुडहाउसच्या कथांतल्या खासगी नोकराचं नाव घेतलं, की साहेबांनी अदबीनं अख्खा प्रश्न विचारावा. साहेब मात्र दोन शब्द फेकून मोकळे. 2006 साली त्या नोकरालाच निरोप दिला.

मग मी सविस्तर लिहिलं: वडील गेले, सातबारावर आमची नावं लावायचीत, तलाठ्याकडे फेऱ्या मारतोय. कर्सर बराच वेळ लुकलुकला. मग उत्तर आलं: 'वारसनोंदीचा अर्ज केलात का? फेरफार मंजूर मंडळ अधिकारी करतात, तलाठी नाही. आणि काका, मृत्युदाखल्यावरचं नाव अन् सातबारावरचं नाव एकच आहे ना? ते आधी बघा.'

नाव एक नव्हतं! दाखल्यावर विठ्ठल, उताऱ्यावर इठ्ठल. तीन महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पण माझं लक्ष 'काका'वर अडकलं. मशीन काका म्हणतं?

"हे उत्तर कोण देतंय?" मी विचारलं.

"कोण देत असेल असं तुम्हाला वाटतं?"

मी उठून पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. आत बारामतीकडची एक इंटर्न मुलगी कीबोर्डवर हात ठेवून दचकली. तिचे वडील तलाठी. टूल अजून तयारच नव्हतं! ह्या युक्तीला त्यांच्यात 'विझार्ड ऑफ ऑझ' म्हणतात. त्या गोष्टीतला थोर जादूगारही पडद्यामागचा साधा माणूसच निघतो.

मी खुर्ची ओढली आणि पिशवीतून दाखला, उतारा, जुना फेरफार, सगळं तिच्या टेबलावर मांडलं. मागोमाग वॉचमनही आपला रेशनकार्डाचा प्रश्न घेऊन आत आला. भाचा दारात उभा राहून पिवळ्या चिठ्ठ्यांवर भराभरा काहीतरी खरडत होता.

"काय लिहितोयस रे?"

"मी काय लिहीत असेन असं तुम्हाला वाटतं, मामा?"